कॅम्पर व्हॅनमध्ये बसल्या जागी गॅसचा साठा दाखवणारा दर्शक कसा बसवावा

कॅम्पर व्हॅनमध्ये गॅसचा सिलिंडर झोपण्या-बसण्याच्या भागात ठेवू नये, तो फक्त बाहेरून उघडणाऱ्या स्वतंत्र कप्प्यात ठेवावा, हा नियम गाडी बांधून देणारे बहुतेक कारागीर आता पाळतात. त्यामागचे कारण साधे आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. प्रोपेनची वाफ हवेच्या सुमारे दीडपट जड असते, ब्युटेनची जवळजवळ दुप्पट. त्यामुळे गळती झाल्यास तो खिडकीतून निघून न जाता गाडीच्या तळाशी साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले की एखादी ठिणगीही पुरते. कप्पा बाहेर असल्याने हा धोका कमी होतो, पण त्याबरोबर सिलिंडर नजरेआड जातो आणि आतल्या शेगडीवर भात चढवताना गॅस किती उरला आहे ते कळेनासे होते.

गोव्यात ही अडचण पावसाळ्यात अधिक जाणवते. आषाढात पेडण्यातल्या केरीला सुरूच्या बनाजवळ आम्ही गाडी लावली होती. रात्री आईसाठी पेज शिजत असताना शेगडी मंदावत विझली, आणि मुसळधार पावसात कप्पा उघडून, सिलिंडर हलवून, तो खरोखरच रिकामा झाल्याची खात्री करावी लागली. त्याच दुपारी मी तो हाताने उचलून ‘अर्धा तरी असेल’ असे सांगितले होते. हाताचा अंदाज किती चुकतो हे कळल्यावर मी दर्शकाचा विषय मुळापासून समजून घेतला, आणि आज आमच्या गाडीत स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर लावलेल्या छोट्या पडद्यावर उरलेला गॅस किलोमध्ये दिसतो.

पुढचे सर्व काम एका तत्त्वावर उभे आहे. आत यावी ती फक्त तार. गॅस, गॅसची नळी किंवा गॅसच्या दाबाशी जोडलेले कोणतेही यंत्र केवळ साठा पाहण्यासाठी आत आणू नये. शेगडीकडे जाणारी गॅसची वाहिनी आत येणारच, आणि ती जाणकार माणसाकडूनच बसवून घ्यावी. दर्शक बसवताना मात्र गॅसची एकही जोडणी सैल करण्याची गरज पडता कामा नये. ज्या पद्धतीत ती गरज पडते ती पद्धत सोडून द्यावी.

दाबमापक का नको

बाजारात सिलिंडर आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये बसवण्याचे छोटे दाबमापक मिळतात आणि त्यांच्या तबकडीवर हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे असतात. ते पाहून साठा कळेल अशी समजूत होते, परंतु ती चुकीची आहे. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि द्रवाच्या वर त्याची वाफ असते. जोपर्यंत थोडासाही द्रव शिल्लक आहे तोपर्यंत वाफेचा दाब मुख्यतः तापमानावर आणि मिश्रणावर ठरतो, साठ्यावर नाही. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या किंचित खाली; आपल्याकडचा एलपीजी या दोहोंचे मिश्रण असल्याने काणकोणच्या भर दुपारच्या उन्हात मापकाचा काटा वर जातो आणि चोर्ला घाटातल्या पहाटेच्या गारव्यात तोच काटा खाली येतो. सिलिंडर मात्र तितकाच भरलेला असतो. दाब ठळकपणे पडतो तो द्रव संपल्यावर, म्हणजे कळून फारसा उपयोग नसतो तेव्हा. असा मापक अचानक मोठी गळती झाल्याचे सांगू शकेल, साठा सांगू शकत नाही. शिवाय तो बसवण्यासाठी गॅसच्या वाटेत आणखी एक सांधा वाढवावा लागतो, आणि प्रत्येक सांधा ही गळतीची एक नवी जागा असते.

साठा मोजण्याचे खरे मार्ग तीन आहेत. द्रवाची पातळी तरंगणाऱ्या गोळ्याने पाहता येते, ध्वनिलहरींनी पाहता येते, किंवा सरळ सिलिंडरचे वजन करता येते. कोणता मार्ग घ्यावा हे गाडीत कोणती टाकी आहे यावर ठरते.

गाडीला कायमची जोडलेली टाकी असल्यास

अमेरिकी बनावटीच्या मोठ्या प्रवासी गाड्यांना खाली आडवी, कायमची टाकी असते. तिच्या आत लांब दांडीवर तरंगणारा गोळा असतो, पातळीनुसार दांडी फिरते आणि तिच्या टोकाचे चुंबक धातूच्या भिंतीपलीकडून बाहेरच्या तबकडीचा काटा फिरवते. म्हणजे तबकडी आणि गॅस यांच्यामध्ये अखंड धातू असतो. त्यामुळे साधी तबकडी काढून तिच्या जागी तारेची सोय असलेली तबकडी टाकी रिकामी न करता बसवता येते.

येथे एकच गोष्ट जिवावरची आहे. तबकडी दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते, आणि तिच्याभोवती मापकाचे संपूर्ण डोके टाकीला आवळून धरणारे मोठे बोल्ट असतात, बहुधा चार. बारीक स्क्रूंनाच हात लावावा. मोठे बोल्ट सैल केले तर टाकीतला पूर्ण दाब त्याच जागेतून बाहेर येईल. हे काम दुसऱ्याला देणार असाल तर आधी त्या बोल्टांवर लाल रंगाचा ठिपका द्यावा आणि मगच पाना त्याच्या हाती द्यावा.

तारेच्या तबकड्या दोन प्रकारच्या असतात. एक प्रकार साठ्यानुसार विद्युतरोध बदलतो; शून्य ते नव्वद ओहम ही त्यातली नेहमी आढळणारी मर्यादा आहे. दुसरा प्रकार चुंबकक्षेत्र ओळखून व्होल्टेज देतो. त्याला तीन तारा लागतात आणि वीजपुरवठा बहुधा पाच व्होल्टचा असतो. आतला दर्शक त्याच प्रकारचा आणि त्याच मर्यादेचा घ्यावा, नाहीतर टाकी अर्धी असताना पडदा पूर्ण दाखवील. बसवण्यापूर्वी तबकडीच्या मागे चुंबक फिरवून मल्टिमीटरवर (विद्युतरोध आणि व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणावर) आकडा सावकाश आणि न अडखळता बदलतो का ते पाहावे. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखे आहे: अशी टाकी ८० टक्के भरली की भरली असेच मानतात, कारण तापल्यावर फुगणाऱ्या द्रवाला जागा लागते. काटा ८० वर थांबला म्हणजे दर्शक बिघडला असे समजू नये.

ध्वनिलहरींचा सेन्सर

हा सेन्सर चुंबकाने सिलिंडरच्या बुडाला बाहेरून चिकटतो, वर ध्वनीचा स्पंद पाठवतो आणि द्रवाच्या पृष्ठभागावरून तो परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढतो. माहिती ब्लूटूथने मोबाइलवर येते, त्यामुळे भिंतीला भोकसुद्धा पाडावे लागत नाही, आणि भाड्याच्या गाडीसाठी किंवा ज्यांना तारांचे काम नको त्यांच्यासाठी ही सोय चांगली आहे. आपल्याकडे तिची मर्यादा वेगळीच आहे. आपण सिलिंडर भरून घेत नाही, बदलून घेतो. प्रत्येक वेळी नव्या सिलिंडरचे बूड गंज आणि सुटलेला रंग खरवडून साफ करायचे, सेन्सर नेमका मध्यावर लावायचा आणि गाडी समतल ठेवायची, हे सर्व नियमाने पाळावे लागते. बुडाचा आणि माथ्याचा भाग गोलाकार असल्याने उंची निम्मी म्हणजे गॅस निम्मा असा सरळ हिशेबही तेथे लागत नाही. सिलिंडरचा आकार सेन्सरच्या ॲपमध्ये नीट निवडावा लागतो. फायबरच्या अर्धपारदर्शक सिलिंडरला चुंबक चिकटत नाही, म्हणून त्याच्यासाठी हा मार्ग बंद आहे.

वजनाचा मार्ग

बदलून मिळणाऱ्या सिलिंडरसाठी वजन हाच मला सर्वांत विश्वासू मार्ग वाटतो. गॅस थंड असो वा गरम, प्रोपेन जास्त असो वा ब्युटेन, एक किलो गॅस हा एक किलोच असतो. शिवाय प्रत्येक सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर त्याचे रिकामे वजन लिहिलेले असते, म्हणजे निम्मा हिशेब कंपनीनेच करून दिलेला असतो.

सिलिंडर कोणता, हे आधी ठरवावे. घरच्या जोडणीवर मिळणारा १४.२ किलोचा सिलिंडर त्या पत्त्यावरच्या स्वयंपाकघरासाठी असतो, तो गाडीत घालून फिरू नये. गाडीसाठी खुल्या विक्रीचा ५ किलोचा सिलिंडर घ्यावा; तो वितरकाकडे आणि अनेक पेट्रोल पंपांवर मिळतो, लहान असल्याने कप्पाही लहान पुरतो आणि बदलताना पाठ दुखत नाही. पुढचे आकडे मी याच सिलिंडरसाठी देत आहे. भरलेला असताना त्याचे एकूण वजन १३ किलोच्या आसपास धरले आहे. तुमच्या सिलिंडरवरचा आकडा वाचूनच पुढे जावे.

ज्यांना इलेक्ट्रॉनिक जोडकामाची सवय नाही त्यांच्यासाठी एक सोपी वाट आहे. किराणा दुकानात वापरतात तसा, तारेच्या टोकाला वेगळा दर्शक असलेला लहान वजनकाटा घ्यावा, काट्याचे तबक कप्प्यात बसवावे आणि दर्शक आत. म्हापशाच्या बाजारात काटे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानात विचारल्यास लांब तार जोडूनही देतात. दर्शकाची बॅटरी मात्र त्याच्याबरोबर आतच राहील, कप्प्यात नाही, एवढे पाहावे. ज्यांना स्वतः बांधायचे आहे त्यांनी पुढचे वाचावे, आणि काटा विकत घेणाऱ्यांनीही तबक बसवण्याचा व तार आत घेण्याचा भाग जरूर वाचावा, कारण तो दोघांना सारखाच लागू आहे.

तबक

लोड सेल म्हणजे ॲल्युमिनियमचा एक छोटा दांडा असतो. वजनाने तो डोळ्यांना न दिसण्याइतका वाकतो आणि त्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो. १३ किलोच्या सिलिंडरसाठी २० किलोचा सेल कागदावर पुरतो, पण गोव्यातल्या आडरस्त्यांवर, विशेषतः पावसाने खड्डे पडल्यावर, गाडी आपटते तेव्हा तबकावर क्षणभर दुप्पट-तिप्पट भार येतो. म्हणून ४० किलोचा सेल घ्यावा. सूक्ष्मता थोडी कमी होते, तरी दहा-वीस ग्रॅमचा फरक सहज कळतो आणि त्याहून जास्त आपल्याला नको आहे.

दोन जाड ॲल्युमिनियमचे पत्रे घ्यावेत. सेलचे एक टोक खालच्या पत्र्याला आणि दुसरे टोक वरच्या पत्र्याला, मध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीचे वायसर घालून आवळावे. वायसर विसरले तर दांड्याला वाकायला जागाच उरत नाही आणि आकडा हलत नाही. सेलच्या टोकावर बाण असतो, तो भाराच्या दिशेने म्हणजे खाली यावा. चारही कोपऱ्यांत खालच्या पत्र्यातून वर येणारे आधाराचे बोल्ट बसवावेत. तबकावर सुमारे २५ किलो ठेवून ते बोल्ट अशा उंचीवर स्थिर करावेत, की वरचा पत्रा आणि बोल्ट यांच्यामधून जाड कागद जेमतेम सरकेल. नेहमीच्या वजनाला तबक मोकळे राहते आणि धक्का बसला की भार सेलवर न येता बोल्टांवर येतो. या चार बोल्टांवरच सेलचे आयुष्य अवलंबून आहे, म्हणून त्यांत घाई करू नये.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. आडवा झाला तर रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव शिरतो आणि शेगडीवर ज्वाळा उसळू शकतात. त्याला उभा धरून ठेवण्याची सोय तबकाला नव्हे, तर कप्प्याच्या भिंतीला जोडावी. मी सिलिंडरभोवती रबर लावलेले लोखंडी कडे बसवले आहे आणि त्यात सर्व बाजूंनी तीन-चार मिलिमीटर अंतर सोडले आहे. त्याच्या जोडीला प्रवासात आवळण्याचा एक पट्टा आहे. पट्टा आवळलेला असताना वजन विश्वासार्ह नसते, कारण पट्टा काही भार स्वतः उचलतो किंवा खाली दाबतो. मुक्कामाला पोहोचल्यावर पट्टा सैल करावा, कडे तसेच राहते, आणि मग आकडा वाचावा. गॅसची नळीही ताणलेली नसावी. तिला मोकळा बाक द्यावा, नाहीतर ती सिलिंडरला वर ओढते आणि शे-दोनशे ग्रॅम खाऊन टाकते.

तार आत घेणे

भोक पाडण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करून सिलिंडर काढावा, त्यावर सुरक्षेची टोपी लावून तो गाडीपासून दूर, उघड्यावर उभा ठेवावा. कप्प्याचे दार अर्धा तास उघडे ठेवावे आणि गाडीतल्या राहत्या भागाच्या बॅटरीची तार सोडवावी. ड्रिलच्या मोटारीत ठिणग्या उडतात, म्हणून ही खबरदारी एका भोकासाठीही घ्यावी. भिंतीपलीकडे विजेची तार, पाण्याची नळी किंवा गॅसची वाहिनी नाही, हे आतून मोजून पाहावे.

भोक कप्प्याच्या भिंतीत शक्य तेवढे वर असावे, कारण साचलेला गॅस खाली असतो. तरीही उंचीवर विसंबू नये. तारेच्या जाडीला नेमकी बसणारी केबल ग्लँड, म्हणजे तारेभोवती आवळून भोक बंद करणारी चकती, लावावी. साडेतीन ते सहा मिलिमीटर जाडीच्या तारेला पीजी ७ मापाची चालते. ग्लँड आवळल्यावर तार ओढून पाहावी, ती सरकता कामा नये, आणि दोन्ही बाजूंनी कडेला सीलंट भरावे. भोकात नुसता सीलंट भरून काम भागवलेले मी पाहिले आहे. गाडीच्या थरथरीने तो एका मोसमात तारेपासून सुटतो आणि मग कप्प्यातला गॅस झोपण्याच्या जागेत येण्याची वाट तयार होते. ज्या धोक्यासाठी कप्पा बाहेर ठेवला तोच धोका बोटभर भोकातून आत घेतल्यासारखे होते. तार कप्प्यातून वर चढण्याआधी तिला खाली थोडा झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी ग्लँडपर्यंत न जाता झोलाच्या तळाशी ठिबकेल.

कप्प्यात स्विच, फ्यूज, रिले, बॅटरी किंवा तारेचा मधला जोड यांपैकी काहीही असू नये. तेथे फक्त सेल आणि त्याची अखंड तार. मोजणी करणारे सर्व भाग आत, ओट्याच्या वर असावेत. त्यासाठी बाहेरचा विद्युत गोंधळ अडवणारी धातूची जाळी गुंडाळलेली तार वापरावी, ती तीन मीटरच्या आत ठेवावी, आणि जाळी फक्त आतल्या टोकाला ऋण तारेला जोडावी. दोन्ही टोकांना जोडली तर वायपर, पंखा आणि पंप यांचा गोंधळ आकड्यात उतरतो.

याच वेळी कप्प्याच्या तळाची हवेची जाळी तपासावी. युरोपातील ईएन १९४९ या मानकानुसार तळालगत मोकळी जागा कप्प्याच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्के आणि कमीत कमी १०० चौरस सेंटिमीटर असावी लागते. चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या कप्प्याचे दोन टक्के ३२ चौरस सेंटिमीटरच होतात, म्हणजे तेथे १०० चौरस सेंटिमीटरची, दहा बाय दहाची मर्यादाच लागू होते. जाळीच्या तारा जेवढी जागा व्यापतात ती वजा करावी. आपल्याकडची तांबडी धूळ आणि पावसाळ्यातला चिखल ही जाळी भराभर बुजवतात. नवे तबक तिच्यावर येत नाही ना, हेही पाहावे.

जोडणी

सेलच्या चार तारांपैकी लाल आणि काळी पुरवठ्याच्या, हिरवी आणि पांढरी संकेताच्या, अशी मांडणी बहुतेक वेळा असते. सर्व उत्पादक ती पाळत नाहीत, म्हणून मल्टिमीटरने खात्री करावी. चार सारख्या रोधांचा हा चौकोन असल्याने समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्ये पूर्ण रोध येतो आणि शेजारच्या कोपऱ्यांमध्ये त्याच्या पाऊणपट; एक हजार ओहमच्या सेलमध्ये समोरासमोर हजारच्या जवळपास आणि शेजारी साडेसातशेच्या जवळपास. एवढ्यावरून जोड्या ओळखता येतात.

हा संकेत एक-दोन मिलिव्होल्टचा असतो. तो वाचण्यासाठी एचएक्स ७११ ही स्वस्त चिप पुरते, आणि तिचा आकडा घेऊन हिशेब करण्यासाठी ईएसपी ३२ किंवा त्यासारखा छोटा बोर्ड. ईएसपी ३२ वापरत असाल तर एचएक्स ७११ लाही ३.३ व्होल्टचाच पुरवठा द्यावा. ५ व्होल्ट दिल्यास तिच्या संकेताची तार बोर्डला जास्त व्होल्टेज देते. गाडीच्या १२ व्होल्टच्या तारेवर, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, १ अँपिअरचा फ्यूज बसवावा आणि पुढे व्होल्टेज कमी करणारा कन्व्हर्टर घ्यावा. पडदा कोणताही चालेल.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत उघडे तांबे काही महिन्यांत हिरवे पडते. कथिलाचा मुलामा दिलेली तार वापरावी, जोडांवर आतून गोंद असलेली आकसणारी नळी चढवावी, आणि कप्प्यातले सर्व बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्यतो ३१६ प्रतीचे घ्यावेत. साध्या लोखंडी बोल्टाचा गंज ॲल्युमिनियमच्या पत्र्याला धरून बसतो आणि पुढे तबक उघडणेच अशक्य होते.

आकडा खरा करणे

रिकाम्या तबकावर शून्य नोंदवावे. मग माहीत असलेले वजन ठेवावे. त्यासाठी पाण्याचा कॅन भरून जवळच्या दुकानात, शिक्का असलेल्या काट्यावर तोलून आणावा. साधारण दहा किलोचे वजन योग्य. त्यावरून एका किलोला यंत्राचे किती अंश हे बोर्डाला कळते. त्यानंतर पाच किलो ठेवून आकडा पाचच येतो का ते पाहावे. न आल्यास तबक कुठेतरी टेकत आहे, बहुधा आधाराच्या एखाद्या बोल्टाला. आकडा उणे येत असेल तर हिरवी आणि पांढरी तार अदलाबदल करावी.

हिशेब सोपा आहे. समजा, सिलिंडरवर रिकामे वजन ७.८ किलो लिहिले आहे आणि तबक १०.२ दाखवते, म्हणजे गॅस २.४ किलो, ५ किलोच्या ४८ टक्के. प्रत्येक सिलिंडरचे रिकामे वजन वेगळे असते, म्हणून ते बदलण्याची सोय पडद्यावरच दोन बटणांनी ठेवावी. एकच आकडा कायमचा भरून ठेवला तर पुढच्या सिलिंडरला अर्ध्या किलोची चूक सहज येऊ शकते. पडद्यावर टक्क्यांऐवजी किलो ठेवावेत असे माझे ठाम मत आहे. टक्क्यांवरून स्वयंपाकाचा अंदाज बांधता येत नाही. चार दिवस सकाळ-संध्याकाळ आकडा लिहून काढला की आपल्या घरचा खर्च कळतो. आम्हा दोघांना चहा, भात, आमटी आणि आंघोळीला एक बादली कढत पाणी यांसाठी दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो, म्हणून ‘एक किलो’ म्हणजे आमचे पाच दिवस. आम्ही सूचनेचा दिवा त्याच आकड्यावर लावला आहे.

गाडी उतारावर उभी असेल तर आकडा कमी दिसतो. पाच अंशांच्या उतारावर १३ किलोमागे सुमारे ५० ग्रॅमचा फरक पडतो, तो सोडून देता येतो. दहा अंशांवर मात्र तो २०० ग्रॅमच्या जवळ जातो, म्हणजे आमच्या एका दिवसाचा गॅस. सत्तरीतल्या चढावर गाडी लावली असेल तर हे ध्यानात ठेवावे किंवा चाकाखाली फळी घालून गाडी समतल करावी. गाडी चालू असताना आकडा पाहूच नये. सेलवर आठवडेच्या आठवडे भार असल्याने शून्यही हळूहळू सरकतो, म्हणून प्रत्येक वेळी सिलिंडर बदलताना, तबक रिकामे आहे त्या दोन मिनिटांत, शून्य नव्याने नोंदवावे.

एकदा पडताळा घ्यावासा वाटला तर शेगडी अर्धा तास चालवल्यावर सिलिंडरच्या अंगावर वरून खाली कढत पाणी ओतावे आणि हात फिरवावा. जेथपर्यंत आत द्रव आहे तेथपर्यंत पत्रा थंड लागतो. दमट हवेत तर पाणी न ओतताही त्या उंचीपर्यंत दव धरलेले दिसते.

गळतीची तपासणी

सिलिंडर परत जोडल्यावर रेग्युलेटर, नळीची दोन्ही टोके आणि शेगडीचा सांधा यांवर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे येतात का ते पाहावे. काडी ओढून पाहणे कधीही करू नये. नळीवर छापलेली तारीखही याच वेळी वाचावी. पाच वर्षे झालेली नळी बदलावी. सिलिंडरच्या पट्टीवर इंग्रजी अक्षर आणि वर्ष असते, ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. ती पुढच्या चाचणीची मुदत आहे आणि ती उलटलेला सिलिंडर दुकानातच परत करावा.

वजनाचा दर्शक गळतीचा इशारा देत नाही, हे घरातल्या सर्वांना सांगावे. सर्व शेगड्या बंद असताना रात्रभरात शंभर ग्रॅम कमी झाले तर ते दिसेल आणि तपासणी करता येईल, परंतु त्याहून बारीक गळती तापमानामुळे होणाऱ्या आकड्यातल्या चढउतारात लपते. त्यासाठी एलपीजी ओळखणारा वेगळा भोंगा, राहत्या भागात, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावा. गॅसचा वास आल्यास कोणताही स्विच चालू-बंद न करता दारे उघडून बाहेर पडावे, बाहेरून रेग्युलेटर बंद करावा आणि १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

निघण्यापूर्वी रेग्युलेटर बंद, पट्टा आवळलेला आणि टोपी जागेवर आहे का, हे पाहण्याची सवय लावावी. केरीहून तेरेखोलला फेरीबोटीवर गाडी चढवतानाही हेच करावे, कारण तेथे शेजारी दुसऱ्यांच्या गाड्या आणि माणसे खेटून उभी असतात. पावसाळा सुरू होण्याआधी आणि चवथीच्या सुमारास एकदा ग्लँड आवळून पाहावी, तळाची जाळी ब्रशने मोकळी करावी आणि तबकाखाली साचलेली माती कोरड्या फडक्याने काढावी. आमच्या तबकाचा आकडा गेल्या श्रावणात अचानक पाऊण किलोने कमी येऊ लागला होता. सेल बिघडला असे समजून मी नवा मागवण्याच्या बेतात होतो, पण पत्रा उचलल्यावर आधाराच्या बोल्टावर वाळलेल्या चिखलाचा चण्याएवढा खडा अडकलेला सापडला आणि तो काढताच आकडा पुन्हा बरोबर आला.